नवऱ्याच्या कमरेचं माप

बोट आंटी बाबागाडीच्या दुकानात शिरायच्या त्या काखेत तांदळाची पिशवी घेऊनच. तांदूळ कसेही भरलेले नसत. ज्या बाळासाठी खरेदी असेल त्याच्या वजनाचे, वाण्याकडून तोलून घेतलेले. ती पिशवी डाव्या हातावर बाळासारखी धरायची आणि उजव्या हातानं दुकानातली एकेक गाडी उघडायची, मिटायची, परत उघडायची. दोन्ही हात लागले की गाडी बाद. केबिन रोडवरचा दुकानदार त्यांना लांबूनच बघून कपाळाला हात लावायचा. "आंटी, आराम से, नया माल है," तो विनवायचा. "बच्चा भी तो नया है, भाई," आंटी म्हणायच्या आणि पुढची गाडी ओढायच्या.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला आमची सोसायटी. आंटी तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या उत्तनच्या. मोठ्या क्रूझवर लहान मुलांना सांभाळायची खोली असते, तिथं त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, म्हणून बिल्डिंगच्या पोरांनी त्यांचं नाव बोट आंटी ठेवलेलं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र गच्चीवर ऐकू यायचा. विनय वगैरे त्यांच्या गावीही नव्हता. "माझ्या हातून किती पोरं गेली, एक पण समुद्रात पडला न्हाय," असं त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या. पोटुशी बाई जिन्यात दिसली की सल्ला सुरू. कुणी मागो न मागो. मला सुरुवातीला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

माझा नवरा मंदार क्रूझवर शेफ आहे. ईरा पोटात असताना तो बोटीवर गेला. करार संपत आला तोच वाढला, आणि ईरा आठ महिन्यांची झाली तरी बापलेकीची गाठ फक्त फोनवर. ती स्क्रीनवरच्या बापाला आधी टकमक बघायची आणि मग सरळ चाटायची. अशात त्याची बोट मुंबईला येणार, तिथून लक्षद्वीपला जाऊन परतणार, आणि या फेरीला घरच्यांना येता येईल, असं कळलं. एक दिवस मी हवेत होते. मग भीतीनं ग्रासलं. कारण ईराला तेव्हा नवा माणूस म्हणजे संकट वाटे. लिफ्टमध्ये कुणी नुसतं हसलं तरी ही किंचाळायची. माझ्या सख्ख्या भावाकडं गेली नव्हती. "ओळखेल ना गं मला?" मंदारनं फोनवर चेष्टेत विचारलं. मी हसले, पण ती चेष्टा नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. बाप समोर उभा आणि लेक त्याला बघून आकांत करतेय, हे चित्र काही डोळ्यांपुढून जाईना. त्याची ड्यूटी चालूच असणार, म्हणजे बाकी सगळं मला एकटीलाच करायचं होतं. नकोच जायला, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

आंटींना कुठून कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. मी भीती बोलून दाखवली, तर त्यांनी दारामागची बाबागाडी बाहेर ओढली. माझ्या ऑफिसच्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेली ती गाडी; तीन मोठाली चाकं, कप ठेवायला जागा, सगळा थाट. आंटींनी ती आमच्या बाथरूमच्या दारात नेऊन घुसवायचा प्रयत्न केला. गाडी अडकली. "बोटीवरच्या खोलीचं दार यवढंच असतं. अन् बाहेर पॅसेजमधी ठेवायला देत न्हाय. हा रणगाडा काय डोक्यावर घेऊन झोपणार तू?"

तरी मला त्या गाडीचा मोह सुटेना, तेव्हा आंटी मला, ईराला आणि रणगाड्याला घेऊन भाईंदरच्या जेट्टीवरून वसईच्या रो-रो बोटीवर चढल्या. म्हणाल्या, "ही तुझी छोटी परीक्षा." उतारावरून गाडी आवरताना माझे हात भरून आले. वर गेल्यावर ईराला कडेवर घेतलं, गाडी रिकामी सोडली, पर्समधून रुमाल काढला, आणि खाडीवरच्या वाऱ्यानं गाडीच्या छत्रीत शिरून ती हळूहळू पळवायला सुरुवात केली. आंटींनी बसल्या जागेवरून पाय टाकून ती अडवली. "गाडी सोडलीस की आधी पाय ब्रेकवर. हात मग कुठं पण जाऊ दे." वसईच्या किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी मला सोलकढी पाजली आणि रणगाडा मी त्याच दिवशी नणंदेकडं पाठवून दिला. केबिन रोडवरून एका हातानं मिटणारी हलकी गाडी आणली. दुकानदार म्हणाला, "बच गया."

बाळाला छातीशी बांधायचं कॅरिअर घ्यायच्या वेळी मात्र आमचं वाजलं. मला एक आवडलं होतं; फिकट निळं, माझ्या अंगासरशी बसणारं. आंटींनी ते बाजूला सारलं. "तुझ्या नवऱ्याच्या कमरेचं माप काय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आंटी, बाळाला मी घेणारेय. त्याच्या कमरेचं काय?"

"बाप उचलणार का न्हाय पोरीला? तेव्हा पट्टा पुरला न्हाय तं?"

मंदार शेफ आहे आणि शेफसारखाच दिसतो. आम्ही एक रुंद पट्ट्याचं, राखाडी, दिसायला गोणपाटासारखं कॅरिअर घेतलं. सोसायटीत आल्यावर त्याची चाचणी आमच्या वॉचमनवर झाली, कारण पोट मंदारएवढंच. त्याच्या छातीशी ईराच्या वजनाचे तांदूळ बांधले आणि आंटींनी त्याला पाच मजले चढायला लावलं. बोटीवर अलार्म वाजला की लिफ्ट बंद, गाडी खोलीत, पोर अंगावर, हे त्यांचं तत्त्व. वॉचमन खाली आला तेव्हा पाठीमागचं बक्कल काही सुटेना. आंटींच्या जमान्यात असली बक्कलं नव्हती. त्यांनी ओढलं, मी ओढलं, वॉचमन "मेमसाब, बच्चा रो रहा है," म्हणून तांदळाला थोपटू लागला, आणि आंटी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचं चुकलेलं मी बघितलं ते एवढंच.

"आता रोज वापर," त्या म्हणाल्या. "अन् धुवू नको."

निघायच्या दिवशी त्या गेटपर्यंत आल्या. ईराच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "त्याला बघून रडली तं हातात देऊ नको. त्याच्या अंगाला बांध. अन् तू हालू नको तिथनं."

दुपारी दोन ड्यूट्यांच्या मधे मंदार खोलीवर आला, पांढऱ्या कोटातच. त्यानं हात पुढे केले. ईरानं त्याच्याकडं पाहिलं, तिचा ओठ थरथरला आणि तिनं टाहो फोडला. मंदारनं लगेच हात मागे घेतले. "राहू दे, राहू दे. नंतर," तो हसून म्हणाला आणि दाराकडं वळला. ते हसू मला बघवलं नाही.

मी त्याला थांबवलं. कॅरिअर त्याच्या कमरेला बांधलं. पट्टा शेवटच्या टोकापर्यंत गेला आणि पुरला. ईराला तिचं तोंड त्याच्या छातीकडं करून आत बसवलं आणि मी त्याच्या खांद्यामागं, तिला दिसेन अशी उभी राहिले. ती रडली. खूप रडली. मग महिनाभर न धुतलेल्या, माझा वास मुरलेल्या त्या पट्ट्याला नाक लावून हुंदके देऊ लागली, आणि मग कोटाचं बटण तोंडात घेतलं. मंदार इवल्याशा खोलीत येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळानं तो कुजबुजला, "झोपली?" झोपली होती. त्याची सुट्टी संपेस्तोवर तो खाली बसला नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यानं तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

परत आल्यावर त्याच तांदळाची खीर करून बिल्डिंगमध्ये वाटली. आंटींचा तसा शिरस्ता होता. त्यांच्या घरी वाटी घेऊन गेले, सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला कसं हो कळलं होतं?"

आंटी वाटीत चमचा फिरवत राहिल्या. "माझा बाप पण बोटीवर होता. मी दोन वर्षांची झाली तेव्हा घरी आला. मी रडली, आईमागं लपली. तो लाजला गं. मोठा माणूस, पण लाजला. मंग त्यानं मला कधी उचललाच न्हाय. चॉकलेट आणायचा, फ्रॉक आणायचा. उचलला न्हाय." मग खीर चाखून म्हणाल्या, "साखर कमी हाय."

गेल्या वर्षी आंटी गेल्या. उत्तनच्या चर्चमध्ये बिल्डिंगमधली आम्ही झाडून सारी होतो, वॉचमनसुद्धा. मला त्यांची फार आठवण येते, आणि जिन्यात त्यांना चुकवून वर पळायचे ते दिवसही आठवतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरची नवी सून कॅरिअर मागायला आली. तिचा नवरा दुबईला असतो, बाळ झाल्यावर अजून आलेला नाही. मी राखाडी कॅरिअर काढून दिलं, तेवढ्यात आतून ईरा धावत आली. ती आता शाळेत जाते आणि ही गोष्ट तिनं बापाकडून शंभरदा ऐकलीय. कमरेवर हात ठेवून तिनं त्या मुलीला विचारलं, "काकांच्या कमरेचं माप काय?"