उबेतले टोमॅटो

आमची थोरली वहिनी कुणाकडे गेली की आधी माणसांची नाही, कुंड्यांची विचारपूस करते. एखादं रोप मरगळलेलं दिसलं की "उपटू का हो?" एवढं विचारते आणि उत्तर यायच्या आत उपटते. मुळांवर गाठी दिसल्या की तिचा चेहरा खुलतो, यजमानांचा पडतो.

वहिनी शेती संशोधन संस्थेत सूत्रकृमींवर काम करते. "भावजी, हा किडा म्हणजे घरजावई," ती मला सांगते. "दिसत नाही, पण मुळात शिरतो, एका जागी बसतो आणि झाडाच्याच जनुकांना स्वतःच्या स्वयंपाकाला जुंपतो. मूळ सुजतं, झाड वाळतं, हा गुबगुबीत!" मात्र तिने वर्षानुवर्षं निवडत आणलेल्या टोमॅटोच्या वाणात एक खमकं जनुक आहे. किडा टेकला रे टेकला की त्याच्या तोंडाजवळच्या मुळाच्या पेशी आपणहून मरतात. चूलच विझली, जावई उपाशी!

यंदा संस्थेतली रोपांची खोली दुरुस्तीला निघाली, म्हणून वहिनीने याच वाणाच्या, मुद्दाम किडे सोडलेल्या कुंड्या आमच्या मागच्या गार खोलीत आणल्या. मुळं तपासायला तिचे सर घरीच आले. मोरीत मुळं धुतली, तर काही स्वच्छ आणि काहींवर गाठीच गाठी.

"बियाणं भेसळलंय," सर म्हणाले. "हे वाण बंद करा."

"सर, एकेक बी माझ्या हातचं आहे."

"मग गाठी काय आभाळातून पडल्या?"

वहिनी पुन्हा एकेक मूळ उलटून पाहू लागली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि मोरीत डोकावली.

"अगंबाई! ही तर माझी!"

"तुमची म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"किरकोळ होती गं, गारठायची बिचारी. तू कामाला गेलीस की गरम पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर ठेवायची. तू यायच्या आत जागच्या जागी."

"अहो आई, माती तापली की यांचं जनुक झोपतं!"

"मग तसं सांगायचं ना! मला काय माहीत, रोपांना लाड सोसत नाहीत ते?"

सरांनी चहा बाजूला ठेवला. "आजी, उरलेल्या कुंड्यांतली तुमची कोणती?"

आईने बोट दाखवलं ती रोपं उपटली, तर गाठी. शेजारची उपटली, तर मुळं लख्ख. सरांनी मान डोलावली. "वाण राहू दे. पण पुन्हा लावा. काही फळीवर, काही खाली, आणि या खेपेला सांगून-सवरून."

वहिनीने आईला अशी काही मिठी मारली, की हातातला चिखल आईच्या पाठीवर उमटला.

नव्या कुंड्या लागल्या. फळीवरच्या रीतसर आईच्या ताब्यात. ती त्यांच्याशी गप्पा मारते, आल्यागेल्याला दाखवते. काल वहिनी पाण्याची बादली घेऊन मुळं तपासायला निघाली, तर आई दारात आडवी.

"खालची तुझी, ती खुशाल उपट. माझ्यांना हात लावायचा नाही. कळ्या धरल्यात त्यांनी."