आबा पडायला तयार नव्हते

आषाढ लागला की लग्नं थांबतात, आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस घरात सगळ्यांच्या पायात येऊ लागतो. सावद्यात माझं छोटं दुकान होतं. खांद्यावर घ्यायचा एक कॅमेरा, दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि नवाकोरा मिक्सर, एवढी माझी इस्टेट. मिक्सरमध्ये इफेक्ट होते, पण सगळे लग्नाचे. नवरीचा चेहरा गुलाबात उमलायचा, नवरदेव बदामात बसायचा, सासू-सासरे पाकळ्या होऊन उडून जायचे.

त्या पावसाळ्यात माझा मेहुणा धुळ्याहून राहायला आला. बारावीचा निकाल वडिलांच्या मनासारखा लागला नव्हता, म्हणून थोडे दिवस बहिणीकडे. येताना त्याने मित्राचा व्हिडिओ गेम आणला आणि माझ्या दुकानातल्या टीव्हीला जोडला. मग दिवसभर तो एका बुटक्या माणसाला उड्या मारायला लावायचा. मी शेजारी बसून बघायचो. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "माणूस जर ह्या टीव्हीत ओढला गेला तर?"

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "दाजी, पिक्चर काढा ना मंग."

आणि आम्ही खरोखरच काढायला घेतला. हीरो मेहुणा. आवाज माझ्या बायकोचे, कारण उडीचा "टुईंग", मार बसल्याचा "ढिश्क्यांव" आणि जीव गेल्याचा "ट्याँव ट्याँव ट्याँऽऽ" ती तोंडाने हुबेहूब काढायची. आणि गेमच्या आतलं जग म्हणून आमची केळीची बाग. गेममध्ये माणूस कितीही पळाला तरी मागचं चित्र तेच राहतं. केळीच्या बागेतही तसंच, अर्धा तास चाला, आपण हललो की नाही ते कळत नाही.

बाग आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांना विचारायला गेलो तेव्हा ते ओट्यावर सुपारी कातरत होते.

"सगळ्यात मोठा पार्ट कोनाचा?" त्यांनी विचारलं.

"हीरोचा. नाहीतर शेवटच्या राक्षसाचा."

"राक्षस कोनाले भेते?"

"कोणालाच नाही."

"मंग तो मी," आबा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

आबा सहा फूट उंच, भरघोस मिशांचे. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेले. बँडवाल्याकडून सोनेरी झालरीचा लाल कोट आणला, तो त्यांना छातीवर लागेना. तसाच उघडा ठेवला. खाली धोतर. असा राक्षस कुठल्याच गेममध्ये नसेल.

शूटिंगचे पहिले दिवस मजेत गेले. माझे चुलतभाऊ वाळकी केळीची पानं गुंडाळून शत्रू झाले. गेममधले शत्रू फक्त डावीकडून उजवीकडे आणि परत चालतात, म्हणून मी सांगेपर्यंत त्यांना वळायला बंदी केली होती. त्यातला एक इतका प्रामाणिक निघाला की तसाच आडवा चालत शेजाऱ्याच्या बागेत गेला, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याने त्याला पानांसकट परत आणला. हीरोने मारलेला प्रत्येक शत्रू मिक्सरवर गुलाबात विरून जायचा. मरणाला शोभेल असा दुसरा इफेक्टच नव्हता. एकाला मी बदामात घातलं, तर तो रुसला, "मले नवरदेवासारखं काहून दाखवतो?"

मग शेवटच्या लढाईचा दिवस उजाडला. हीरो रांगेतून पळत येतो, राक्षसाला लाथ मारतो, राक्षस कोसळतो. साधा सीन. मी कॅमेरा चालू केला. मेहुणा पळत आला, आबांच्या समोर थांबला, वाकून त्यांच्या पाया पडला.

"सुखी ऱ्हाय," राक्षस म्हणाला.

मी ओरडलो, "अरे, लाथ मार!"

"दाजी, त्या मोठा शेतस. पाय लागी त्यासले. पहिले पाया तं पडू दे."

त्याचंही खरं होतं, वडीलधाऱ्याला पाय लावायचा होता. मी म्हटलं, पाया पड, पण मग मार. पुन्हा पळत आला, पाया पडला, डोळे मिटून आबांच्या कोटाला पाऊल टेकवलं. आबा जागचे हलले नाहीत.

"आबा, पडा ना."

"मी कशाले पडू?"

"लाथ लागली ना तुम्हाला."

"लागली कुठी? माशी बसल्यासारखं वाटलं."

पाच वेळा केलं. पाच वेळा हीरो पाया पडला, पाच आशीर्वाद मिळाले, पाच लाथा बसल्या आणि आबा उभेच. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरा, मी तुह्या बायकोचा सासरा. तो माह्या याहीचा पोऱ्या. याहीच्या पोऱ्यानं लाथ मारली आन मी पडलो, हे साऱ्या सावद्याले टीव्हीवर दाखवशीन?"

व्याह्याच्या पोराची लाथ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गेमचे नियम समजावले. हीरोला तीन जीव असतात, राक्षसाला एक.

"त्याले तीन आन मले एकच? बाग कोनाची?"

आबांनी स्वतःच स्वतःला सात जीव दिले. मग नियमाप्रमाणे आपली पाळी म्हणून मेहुण्याची कंबर धरली आणि अलगद उचलून पाल्याच्या ढिगावर टाकला. तीनदा टाकला. नियमाप्रमाणे आमचा पिक्चर तिथेच संपला होता. बायको पोट धरून हसत होती, तिच्या तोंडून "ट्याँव ट्याँव" निघेना.

तेवढ्यात आई भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन बांधावर आली. चिखल तुडवून वैतागली होती.

"अहो, पुरे झाली ती थेरं. बसा खाली! भाकर थंडी होऊन ऱ्हायली."

आणि आबा बसले. एका क्षणात, धप्पकन, होते तिथे. कॅमेरा माझ्या खांद्यावर चालूच होता.

दुकानात मी लाथ आणि बसणं एकापुढे एक जोडलं. बायकोने गव्हाचं पोतं जमिनीवर आपटून आवाज दिला. बघणाऱ्याला वाटावं, काय लाथ बसली!

पिक्चर दाखवायला दुकानासमोर टेबलावर टीव्ही मांडला. संध्याकाळी सगळी गल्ली जमली. धुळ्याहून एसटीने सासू-सासरेही आले. सासऱ्यांना आबांशेजारची खुर्ची दिली. गुलाबांना टाळ्या पडल्या. कुत्र्याचा सीन लोकांनी दोनदा लावायला लावला. मग शेवटची लढाई आली. हीरो पळत आला, पाया पडला, लाथ मारली, धप्प! आबा जमिनीवर.

सगळे पडदा सोडून आबांकडे बघू लागले. माझे सासरे उठले, टोपी काढून हात जोडले.

"याहीसाहेब, पोऱ्यानी चूक व्हयनी. माफ करा." आणि वळून त्यांनी मेहुण्याचा कान पकडला.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हे उलटं चालते का रे?"

चालत होतं. मी व्हीसीआरचं बटण दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आवाज गेला. आबा जमिनीवरून हात न टेकता, फुगा वर जावा तसे, ताठ उभे राहिले. तव्याचा चटका बसावा तसा मेहुण्याचा पाय झटकन मागे आला. तो घाबरून आबांच्या पायांवर वाकला, मग उठला आणि उलट्या पावलांनी केळीच्या रांगांमधून पळत दिसेनासा झाला.

बायकोने तोंडाने "टुईंग" दिला, आणि गल्लीत असा हशा उसळला की समोरच्या घरातले लोक ताट सोडून बाहेर आले. आबा खुर्चीत मागे रेलले. माझ्या सासऱ्यांचा हात धरून त्यांनी तो मेहुण्याच्या कानावरून सोडवला.

"बसा याही. खेळ हाये तो. पोऱ्यानं मस्त काम केलं."

त्या रात्री दोघे व्याही एका ताटात भरीत जेवले. पुढे मी पिक्चरच्या दोन कॅसेट केल्या. सावद्यात दाखवायची ती उलटी, आबा जिंकतात ती. धुळ्यात दाखवायची ती सुलटी.

धुळ्याच्या खेळाला मी स्वतः गेलो होतो. जावई म्हणून पहिली खुर्ची, हातात चहा. आबा कोसळले तेव्हा मेहुण्याच्या मित्रांनी शिट्ट्या वाजवल्या, त्याला खांद्यावर घेतलं. सासूबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जवाईबोवा, आबा खरंच पडनात का हो?"

"नाही, पडले नाहीत," मी म्हणालो. "आईने जेवायला बोलावलं, म्हणून बसले."

त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तुमनी आई लई जबरी शे."