शिंगं रंगवलेली मोटार

"चावी हितं ठेव आन यष्टीनं घरी जा," आबा म्हणाले.

शब्बीरभाईंनी चावी ठेवली नाही. ती मुठीत धरून ते नगरमधल्या माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहिले. आबांची गाडी चालवता चालवता त्यांचे केस पिकले होते.

आबा तिसगावचे बागाईतदार. त्यांची मोटार जुनी, विलायती. आसपासच्या वाड्यांवरचा अडलेला पेशंट त्याच मोटारीतून नगरच्या दवाखान्यात यायचा. आदल्या आठवड्यात अंधार पडताना करंजीच्या घाटात तिचे दिवे इतके मंदावले, की समोरच्या ट्रकला ती दिसलीच नाही. शब्बीरभाईंनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून आतली बाळंतीण वाचली.

आबांचा निकाल मात्र आधीच लागला होता. "पोळ्याच्या तोंडावर नवी बॅटरी घातली. पोळा झाला आन दिवं मेलं. ह्यानं माझी बॅटरी बाजारात इकली आन जुनी बसवली. मेकॅनिक, तू फकस्त येवढं सांग, का बॅटरी बदललीया. मंग मी बघतो."

"तपासल्याशिवाय नाही सांगणार," मी म्हणालो.

"लई ताठ हाय रं तू!"

असेन. माझे वडील विडी कामगारांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली आणि पुढं छापील बाजूही वाचली. माणसाच्या पोटावर पाय द्यायला नुसता संशय पुरत नाही, एवढं त्यातून डोक्यात बसलं.

मी गाडी शेडमध्ये भिंतीसमोर घेतली. सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. गाडीत सगळ्यात जास्त करंट सेल्फची मोटर खाते. बॅटरी मेलेली असती, तर इंजिन नुसतं कण्हलं असतं. हॉर्नही खणखणीत होता.

मग हेडलाइट लावले. भिंतीवर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे दोन तांबडे डाग पडले. उजवा इंडिकेटर लावला, तर त्याच्या ठेक्यावर हेडलाइटही डोळे मिचकावू लागला.

"बघा, बॅटरीच मेलीया," आबा म्हणाले.

"आबा, मेली असती तर इंजिन कसं उठलं?"

"मंग डायनॅमो आसंल. त्योबी इकला आसंल ह्यानं!"

"इंजिन तेवढं ऱ्हायलं इकायचं," शब्बीरभाई पहिल्यांदाच बोलले. "ते जड हाय. माज्यानं उचलत न्हाई."

मी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक टोक हेडलाइटच्या वायरीला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत नीट पोचत होता. मग दुसरं टोक इंजिनवरून काढून हेडलाइटच्या पत्र्याच्या वाटीत टोचलं. बल्ब जेमतेम पेटला.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात. एकीनं करंट येतो, दुसरीनं परत जातो. मोटारीत येणारी वायर तेवढी असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. पत्र्याला पत्रा उघडा टेकलेला असेल, तरच ही वाट चालू राहते. इथं ती तुंबली होती. म्हणून एकाच वाटीत बसलेले हेडलाइट आणि इंडिकेटर एकमेकांचा करंट ओढत होते.

मी टोचलेल्या जागेवरून एका वायरीनं वाटी थेट इंजिनला जोडली. भिंतीवर पांढरा झोत पडला. शब्बीरभाईंनी डोळ्यांवर हात धरला.

वाटीचे स्क्रू काढले. आत, बाहेर, स्क्रूच्या भोकापर्यंत लालभडक ऑइलपेंटचा जाड थर. दोन पत्र्यांच्या मध्येही तोच. रंगातून करंट जात नाही.

"हे कुणी रंगवलं?" मी विचारलं.

शब्बीरभाई छताकडं बघू लागले. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"म्या," ते म्हणाले. "औंदा पाऊस न्हाई, बैल चाऱ्यासाठी छावनीत. पोळ्याला दावन मोकळी. सकाळपास्नं घरात बसवंना. मंग म्हनलं, दारात हाय ती गाडी. धुतली, गोंडं बांधलं, निवद दावला. आन शिंगं रंगवली."

"पण आतून कशाला?"

"आरं, शिंग बुडापास्नं रंगवत्यात. अर्धं शिंग रंगवल्याला बैल कवा बघितलास का?"

मी हसलो नाही. रिकाम्या दावणीसमोर हातात ब्रश घेऊन बसलेला म्हातारा मला दिसत होता. पण शब्बीरभाईंच्या मुठीतली चावीही दिसत होती.

"म्हंजी बॅटरी बदलली न्हाई?" आबांनी हळूच विचारलं.

"बदलल्याचा तुमच्याकडं पुरावा एकच होता, मंद दिवे. तो आत्ताच गेला. चोरीचं तुम्ही सगळ्यांदेखत मोठ्यानं बोललात. आता हेही तसंच बोला. नाहीतर दुसऱ्या बाजूचा दिवा मी उघडणार नाही."

गॅरेजमधले हातोडे थांबले. आबांनी रागानं माझ्या हातातला पॉलिश पेपर ओढून घेतला आणि दुसऱ्या दिव्यापुढं उकिडवे बसले. मी निमूट स्क्रू काढून दिले. ते स्वतःच रंग खरवडू लागले.

"आबा, जपून," शब्बीरभाई म्हणाले. "नवा बैल हाय, शिंग मारंल."

आबांचा हात थांबला. मान वर न करता, पण रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "शब्बीर, बॅटरी तीच हाय. चोर म्हनलो ते माझं चुकलं. आन चावी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

आतला रंग काढून दोन्ही दिवे बसवल्यावर भिंतीवर सारखे झोत पडले. शब्बीरभाईंनी गाडी बाहेर काढली. मागं बसायची सवय असलेले आबा पुढं, त्यांच्या शेजारी बसले. लाल शिंगं तशीच होती. बाहेरचा रंग काढायची गरज नव्हती.

आता दिवे मंद झाले म्हणून मालक ड्रायव्हरकडं बोट दाखवत आला, की मी पहिल्यांदा विचारतो, गाडी रंगवली कधी? आधी स्क्रू उघडून बघावा, मग माणसाबद्दल बोलावं. याच्या उलट करायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.