जीवनसत्त्वाची बाटली

लवू मालंडकरला आपली बायको हौसाबाई नीटशी कधी कळलीच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मुंबईच्या गोदीतून मिळणाऱ्या रजांपुरताच त्यांचा संसार. ती हल्ली शेजाऱ्यांची नावं विसरते, असं त्याच्या भावाने गावाहून कळवलं, तेव्हा एक दिवस आपल्यालाही विसरेल, ही धास्ती त्याने घेतली. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली दिली, ती घेऊन तो रजेवर गावी आला. गुण येईलच असं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

रजा संपून तो मुंबईला परतायला मालवण बंदरावर आला, तेव्हा पोचवायला आलेल्या हौसाबाईने कोकमाच्या सोलांच्या पुरचुंडीबरोबर ती बाटलीही त्याच्या हातात ठेवली. बूच उघडलेलंच नव्हतं.

"अगो, ही तुझ्यासाठी हाडलंय मी!"

"माका कित्याक? गेल्या चवतीक येतंय म्हणालात आणि विसारलात. तुमीच खावा."

खरं तर तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. त्याने बाटली खिशात टाकली. नावं विसरणाऱ्या बाईला ती चतुर्थी मात्र लख्ख आठवत होती.

पुढे त्यांची भेट झाली नाही. त्या दिवशी बोटीकडे नेणारी होडी काठाला लागली, तेव्हा ती म्हणाली, "जावा, होडी सुटात."

"तू घराक जा. ऊन लागात."

"जातंय. पोचल्यार कार्ड घाला."