कालव्याच्या वाटेवर पुढे कोण

नाशिकहून नणंदेने पाठवलेल्या फोटोंनी आमच्या घरात जेवढी भांडणं लावली, तेवढी तिने स्वतः माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही लावली नव्हती. फोटोत ती आणि तिचा नवरा, डोक्यावर हेल्मेट, मागे दिंडोरीकडचे द्राक्षमळे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका वायनरीपासून दुसरीपर्यंत सायकलने जायचं, थांबून एकेक घोट चाखायचा, संध्याकाळी परत. खाली लिहिलेलं, ‘इथे फक्त आपल्याच चाकांचा आवाज येतो.’

ते वाचून आमच्या ह्यांच्या अंगात आलं. “आपल्याकडे द्राक्षं नसली म्हणून काय झालं? मलिहाबाद आहे. आंब्याच्या बागांतून जाऊ. तिला म्हणावं, बघ.”

आम्ही लखनौला, अलीगंजमध्ये राहतो. हे हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर काम करायचे. शेवटची बदली इकडची. निवृत्तीनंतर ‘वर्षभर बघू, मग गावी जाऊ’ म्हणता म्हणता बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मलिहाबादचा दशहरी आंबा आम्ही फक्त हातगाडीवरच पाहिला होता, तेव्हा कल्पना तशी वाईट नव्हती. वाईट गोष्ट वेगळीच होती.

ह्यांना ऐकू येत नव्हतं. किती येत नव्हतं हे मला माहीत नव्हतं, कारण ते कबूलच करत नव्हते. नोकरीत कानांवर लावायचं कवच हे माळेसारखं गळ्यात घालून हिंडायचे, त्याचं फळ आता मिळत होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, “तू पुटपुटतेस.” मी! माझा आवाज खालच्या मजल्यावरच्या मिश्राइनना ऐकू जातो. कोणी काही विचारलं की हे मान डोलावून “हाँ, सही बात है” म्हणायचे. लखनौत तेवढ्या एका वाक्यावर माणूस अख्खा जन्म काढू शकतो.

आणि माझंही काही चुकत नव्हतं असं नाही. समारंभात ह्यांच्याशेजारी बसून मी प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायचे, फोन मीच घ्यायचे, कोणी चमकून पाहिलं तर “इनका ध्यान नहीं था” असं सांगायचे. घरात मात्र स्वयंपाकघरातून चार हाका मारूनही उत्तर आलं नाही की भांडी आपटायचे. इतकी वर्षं संसार केला आणि आता ह्या माणसाला माझ्याशी बोलायचंही नाही, असं मला वाटायचं. कधी मी डॉक्टर असल्यासारखी ह्यांच्याकडे बघायचे, कधी बायको म्हणून, आणि बायको म्हणून बघितलं की जास्त राग यायचा.

पण खरी धास्ती सायकलची होती. हे रोज सकाळी सायकल घेऊन बाहेर पडायचे. मागून येणारी ई-रिक्षा, स्कूटर, बस ह्यांच्या खिजगणतीत नाही. मी आरसा आणून दिला, तर “म्हाताऱ्यांची कामं” म्हणून तो काढून माझ्याच सायकलला लावला. बेंगळुरूहून मुलगा फोनवर म्हणायचा, “मम्मी, पापा की साइकिल बेच दो यार.” मी मराठीत सांगायचे, तू येऊन वीक. रोज ते परत येईपर्यंत मी गॅलरीत उभी असायचे आणि मनात एकच, की एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन येईल.

म्हणून मलिहाबादला मी हो म्हटलं, एका अटीवर. गाडी नसलेला रस्ता हवा. आमचा सब्जीवाला भैया तिकडचाच. तो म्हणाला, “नहर की पटरी पकड़ लीजिए आंटी जी. परिंदा भी नहीं मिलेगा.” नहर की पटरी म्हणजे कालव्याकाठची कच्ची वाट. हे त्याने सांगितलं जानेवारीत. आम्ही गेलो जूनमध्ये. आंबा बघायचा तर झाडाला आंबा असतानाच, एवढा सरळ विचार आम्ही केला. ज्या वाटेवर वर्षभर काळं कुत्रं फिरत नाही, तिच्यावरूनच त्या महिन्यात अख्ख्या लखनौचा आंबा बाहेर पडतो, हे आम्हाला कोण सांगणार?

पहाटे छोट्या टेम्पोत सायकली टाकून काकोरीच्या पुढे उतरलो. पहिला अर्धा तास खरंच बरा गेला. दोन्ही बाजूंनी बागा, फांद्या वाटेवर आलेल्या, हाताला लागतील असे आंबे. मग उजाडलं आणि सगळं गाव एकदम कामाला लागलं. पेट्यांनी भरलेल्या पिकअप, ट्रॅक्टर, मोटरसायकलवर पुढे-मागे टोपल्या, आणि प्रत्येकाचा हॉर्न म्हणजे जणू वरात. त्यात बागेबागेत पोपट आणि माकडं हाकलायला राखणदार रिकामे डबे बडवत होते. नणंदेला चाकांचा आवाज ऐकू येत होता. मला माझ्या मनातल्या शिव्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या.

हे मात्र खुशीत पुढे चालले होते. नेहमी पुढेच. वाट ह्यांना माहीत असो वा नसो, पुढे हेच. मी मागून ओरडत होते, “अहो, कडेला! कडेला घ्या!” आणि हे वाटेच्या मधोमध, डावी-उजवीकडची झाडं बघत. एका पिकअपने इतका वेळ हॉर्न वाजवला की बागेतले पोपट उडाले. हे हलले नाहीत. गाडी माझ्या शेजारून पुढे गेली आणि अगदी ह्यांना खेटून निघाली. तेव्हा कुठे ह्यांनी दचकून हँडल वळवलं आणि सायकलसकट बागेच्या चरात गेले.

मी धावले. चरात कोरडा पाला होता म्हणून निभावलं, फक्त कोपर सोलवटलं. उठता उठता म्हणतात काय, “काय हे लोक. हॉर्नसुद्धा देत नाहीत.”

मला वाटलं, आता इथेच आंब्याच्या झाडाखाली घटस्फोट.

बागवान धावत आला. बाग त्याची, वय ह्यांच्याच आसपास. आम्हाला त्याने खाटेवर बसवलं, कोपर धुवायला पाणी दिलं आणि आंबे भिजत घातलेली बालदी पुढे सरकवली. मग ह्यांना विचारलं, “चोट ज़्यादा तो नहीं आई?”

“हाँ, सही बात है,” हे हसून म्हणाले.

बागवानाने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, “भाई साहब ऊँचा सुनते हैं क्या?” म्हणजे, कमी ऐकू येतं का.

‘ध्यान नहीं था’ हे माझ्या तोंडावर आलं होतं. इतक्या दिवसांची सवय. पण समोर तो चर दिसत होता, आणि मी ह्यांच्या समोर चेहरा नेऊन, त्यांना दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “नहीं. ऊँचा भी नहीं सुनते. सुनते ही नहीं.”

ते त्यांना कळलं. चेहरा उतरला. लोकांदेखत त्यांचा एवढा पाणउतारा मी कधी केला नव्हता. बागवान बिचारा “लीजिए, आम तो लीजिए” म्हणत राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता दोन-दोन आंबे खाल्ले. गोड होते एवढं आठवतं.

निघताना ह्यांनी सायकल वाटेवर आणली आणि तशीच धरून उभे राहिले. मी वाट बघत होते की हे पुढे निघतील. ते म्हणाले, “तू पुढे हो.”

“मी?”

“तुझ्याकडे आरसा आहे. मागून गाडी आली की डावा हात असा खाली कर. मी तुझ्याकडे बघत येतो.” इंजिन चालू असताना विमानाजवळ कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही, तेव्हा सगळं काम हातांनीच चालायचं, असंही म्हणाले. हे सांगताना ते नोकरीतल्यासारखे ताठ उभे होते. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी पटकन सायकलवर बसले.

आरशात पहिला ट्रॅक्टर दिसला तेव्हा मी हात खाली केला. हे लगेच कडेला आले. दुसरा आला, हात, हे कडेला. मी इतक्यांदा हात केला की खांदा भरून आला, आणि एकदाही ते चुकले नाहीत.

कालव्यावरच्या एका पुलाशी मी थांबले. मागून हे आले, पाय टेकवला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“दोन वर्षं झाली. आधी गजर गेला. मग पक्षी. तुझं बोलणं अजून कळतं, पण तू समोर असलीस तरच. पाठमोरी झालीस की गेलं.”

“आणि मी स्वयंपाकघरातून एवढ्या हाका मारायचे तेव्हा?” त्यांच्या दंडाला हात लावून, त्यांनी बघितल्यावर मी विचारलं.

“तुझ्या हाका नाही यायच्या. भांडी आपटलेली यायची.” मग पुन्हा पाण्याकडे बघत म्हणाले, “मी मुद्दाम लक्ष देत नाही असं तुला वाटायचं ना? ते मला चालत होतं. इतका बहिरा झालो हे तुला कळण्यापेक्षा ते बरं.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि कालव्यात ढकलावंसंही वाटलं. दोन वर्षं! दोन वर्षं मी उशीत तोंड खुपसून विचार करत होते की माझं काय चुकलं, आणि ह्या माणसाला मी रागावलेली चालत होते, फक्त मी त्यांची कीव केलेली चालली नसती.

एक पिकअप हॉर्न वाजवत गेली. तिच्यामागे दुसरी. मी सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली, ह्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, आणि दोन वर्षांत पाठमोरी जे जे बोलले होते ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.