चार घंट्या म्हणजे खुशाल

परदेशात टेलिफोन मिळवण्यासाठी आपल्याकडे आधी एक टेलिफोन असावा लागतो.

संशोधनासाठी मी जर्मनीला गेले, तेव्हा ही अट मला कुणी सांगितली नव्हती. टेलिफोन कंपनीच्या खिडकीमागचा माणूस अत्यंत सभ्य होता.

"जोडणीसाठी माणूस कधी येईल, ते आम्ही तुम्हाला फोनवर कळवू."

"माझ्याकडे फोन नाही. म्हणून तर अर्ज केला आहे."

"मग अर्ज अपूर्ण आहे."

कंपनीला माझे बँकखाते हवे होते आणि बँकेला माझा फोन नंबर. घरी इंटरनेट हवे असल्यास ते फोननंतर, असेही त्याने हसून सांगितले. कचेऱ्यांचा अनुभव मला होता. पण आमच्याकडे "उद्या या" म्हणणारा माणूस निदान नजर तरी चुकवतो. हा थेट डोळ्यांत पाहत होता. मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली, सुवर्णपदकाची मानकरी (हे मी त्यालाही सांगितले), आणि मला सहा आठवडे एका वर्तुळात फिरवण्यात आले.

अखेर फोन आला. सोबत जर्मन भाषेतले एक जाडजूड माहितीपुस्तक होते. प्रयोगशाळेत लाखमोलाची यंत्रे हाताळणाऱ्या व्यक्तीने फोन कसा वापरावा हे वाचायचे, याचा मला अपमान वाटला. मी ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवले. पुढचे सारे तिथूनच सुरू झाले.

फोनवर एक लाल दिवा होता. काही दिवसांनी तो लुकलुकू लागला. वीज चालू असल्याची ती खूण असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि वाचताना त्रास नको म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

घरच्यांशी बोलण्याची व्यवस्था मात्र मी निघण्यापूर्वीच शास्त्रशुद्ध करून ठेवली होती. परदेशी फोन महाग. म्हणून पुसेगावच्या घरी भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यांनी बूथवरून दोन घंट्या वाजवून ठेवल्या, तर त्याचा अर्थ सवडीने फोन कर. तीन म्हणजे तातडीने कर. चार म्हणजे सगळे खुशाल, फोन करू नये. वाजणारा फोन मी उचलायचा नाही, हा मुख्य नियम. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तक्ता वाचून एवढेच विचारले होते, "अन् फोन ठेवाया हाताला टाइम लागला तं?"

"हाताला वेळ लागत नाही अप्पा."

माझा फोन नंबर पत्राने घरी कळला त्याच आठवड्यात धाकट्या शीतलचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. आई म्हणत होती, एक पोरगी इतकी लांब गेली, आता दुसरी नको. अप्पांचे मन दोन्हीकडे होते. निर्णय माझ्यावर टाकत त्यांनी जाहीर केले, "सुजाता म्हणंल तसं." आणि ते बसस्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेले. तातडीचे काम, म्हणून तीन घंट्या. तिसरी झाली, अप्पा रिसिव्हर ठेवणार तोच पलीकडून एक बाई बोलू लागली.

बूथवाले चाचा म्हणाले, "अप्पा, मीटर पड्या. उधर कुणीतरी उचल्या."

एखादी बाई बोलत असताना फोन आपटणे अप्पांच्या स्वभावात नाही. ते उभे राहिले.

"जयभीम, मॅडम. म्या सुजाताचा बाप बोलून राहिलो, पुसेगावहून. धाकटीला पुण्याला पाठवू का न्हाई, तेवढं तिला इचारून ठेवा. तकलीफ माफ."

त्या वेळी मी फोनसमोर चहा पीत बसले होते. तिकडची तिसरी घंटी म्हणजे इकडची चौथी असू शकते, हे माझ्या तक्त्यात नव्हते. चार घंट्या वाजल्या, फोन थांबला. मी वहीत लिहिले, 'खुशाल.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. तिसऱ्या दिवशी सकाळी चार, दुपारी चार. आमचे कुटुंब इतके खुशाल मी कधी पाहिले नव्हते. एकदा खुशाली कळल्यावर पुन्हा पुन्हा कळवून मला अभ्यासातून का उठवतात, याचा मला रागच आला.

तिकडे अप्पांनी घंट्या मोजणे सोडून दिले होते. निरोप घ्यायला माणूस असताना मोजायच्या कशाला? घरी ते त्या बाईचे गुण सांगत. "सुरुवातीला दोन शब्द बोलती, मंग बराबर ऐकून घेती. मधी तोंड घालत न्हाई." आईने तर त्या बाईला लोणच्याचा मसाला किती घालायचा तेही सांगून ठेवले.

आठवडा गेला. माझे उत्तर नाही. अप्पांनी त्याचा अर्थ लावला: पोरगी नको म्हणते, पण बहिणीचे मन मोडेल म्हणून बोलत नाही. पुण्याचे नाव बंद झाले.

शीतल दाखल्यांच्या निमित्ताने हिंगोलीला गेली आणि तिथल्या इंटरनेट कॅफेतून तिने मला विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल केला. 'ताई, माझं काहून वाईट केलंस? परवा शेवटची तारीख. आणि तुझ्याकडे राहते ती बाई कोण?'

मी धावत घरी आले, चिकटपट्टी काढली, टेबलाखालून पुस्तक ओढले (चहा सांडला), शब्दकोश घेऊन वाचले. फोनमध्येच चार घंट्यांनंतर बाईच्या आवाजात बोलून निरोप नोंदवून घेणारे यंत्र होते. लाल दिवा म्हणजे न ऐकलेले निरोप. एकोणीस होते.

मी बूथवर फोन केला. चाचांनी अप्पांना बोलावून आणले.

"अप्पा, शीतलला पाठवा. आजच निघा."

"मंग आठ दिवस काहून गप होती? त्या बाईनं निरोप दिला न्हाई?"

"अप्पा, ती बाई नाही. मशीन आहे."



"मशीन तं मशीन. तिनं सगळं ऐकून तं घेतलं. तू घंट्या मोजत बसली."

शीतल मुदतीच्या दिवशी पुण्यात पोचली, इंजिनिअर झाली. तिला निरोप देताना अप्पांनी एकच अट घातली होती: ताईकडून तक्ता बनवून घ्यायचा नाही. माझी वही तिने अजून जपून ठेवली आहे, एकोणीस वेळा 'खुशाल' लिहिलेली.

मी नियम बदलला. आता घंटी वाजली की फोन लगेच उचलते. पलीकडून अप्पा आधी खात्री करून घेतात.

"तू हाईस व्हय? बरं. बाई घरी न्हाई का?"