नकाशावरचा नाल्याकाठचा तुकडा

नातवंडांनो, तुम्ही दोघे आपापल्या देशांत बसून एकाच पडद्यावर चित्र रंगवता. तसाच पडदा मी यंदा पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावात पाहिला. त्यावर जंगल होते.

आमच्या आणि पलीकडच्या गोंडांच्या गावाने वनहक्काचा दावा एकत्र करायचे ठरवले होते. दोन गावे, दोन संगणक, नकाशा एकच. आमचा बाण निळा, त्यांचा लाल. इकडे रेघ हलली की तिकडेही हलायची. इंग्रजी सूचना वाचायला मी, संगणकावर शेजारची सून. पाच वाजता नकाशा बंद होणार होता. जे हद्दीत राहील तेच दाव्यात जाणार. बाहेर राहिलेल्या तुकड्यात मोह वेचायचा हक्क मागता येणार नव्हता.

साडेचारला लाल बाण नाल्याकाठच्या दाट झाडीवर आला आणि तो तुकडा पुसला गेला. सुनेने परत आणला. लाल बाणाने परत पुसला. तीनदा असेच झाले.

मी माइकवर विचारले, "भाऊ, तो तुकडा तुमचाच ना?"

"आमचाच आहे, बाई." पलीकडून त्यांचे म्हातारे पुजारी बोलले.

"मंग मिटवून काऊन राह्यले?" सून म्हणाली. "जंगल जास्त झालं का तुमाले?"

"रेघेले आमी नाई म्हनत नाई, पोरी. पन रेघेसंगं ते येते."

"ते म्हंजे काय?"

उत्तरादाखल लाल बाण त्या जागेभोवती नुसता फिरला. पावणेपाच झाले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले. प्रत्येक तुकड्यावर नाव हवेच, हा माझा हट्ट. त्या तुकड्यावर सकाळी मीच त्यांच्या देवाचे नाव लिहवून घेतले होते. त्यांच्या शाळेत शिकवत असताना कानावर पडलेले. त्या गावात ते पूजेच्या दिवसाशिवाय तोंडातून काढत नाहीत. मग अडचण सांगणार तरी कशी? नुसते नाव पुसता येते हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ते सगळा तुकडाच पुसत होते.

"फक्त नाव काढ," मी सुनेला म्हणाले. "तुकडा परत आण."

"नावाच्या जागी काय लिहू?"

"आकडा टाक."

लाल बाण थांबून राहिला. मग त्यानेच नाल्याचे वळण धरून हद्द नीट केली. पाचाला दोन मिनिटे कमी होती.

"बाई," पुजारी म्हणाले, "तुमच्या वहीत असन, तर तेबी खोडा."

होते. मी खोडले. म्हणून इथेही ते नाव तुम्हाला सापडणार नाही.